तांदळाचा कागद किती वेळ भिजवायचा

४ मार्च

धाकटे,

ऑपरेशननंतरचे सहा आठवडे मी मावशीकडे राहणार आहे, असं ठकीने मला काल जेवताना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू लगेच रडवेली होतेस आणि मी लगेच बरोबर ठरते. त्यातून आजवर काही निष्पन्न झालेलं नाही.

तिच्या टाचेचं ऑपरेशन वीस तारखेला आहे. पुढे सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. तिने कारण दिलं ते तळमजल्याचं. तुझं घर तळमजल्यावर, आमचं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, हॉस्पिटलच्या औषधविभागात मी तीस वर्षं काढली आहेत, दोन वॉर्डबॉय खुर्चीसकट वर आणून सोडतील एवढी ओळख अजून उरली आहे. एकदा वर आलीस की सहा आठवडे उतरायचंच कशाला? तर म्हणाली, "आई, मावशीकडे मला जेवण मिळतं. तुझ्याकडे चर्चा मिळते."

चौतीस वर्षांची बाई. जलखात्यात नकाशे काढते, हाताखाली चार माणसं आहेत, आणि आईच्या घरात राहून स्वतःचं वेगळं शिजवते. दोन वर्षांपूर्वी ती वीगन झाली. दूध, लोणी, अंडी आणि मधसुद्धा बंद केला. तेव्हा मी तिला कॅल्शियमचे आकडे लिहून दिले होते. तू काय केलंस? फोनवर बघून तांदळाच्या पातळ कागदात भाज्या गुंडाळायचे व्हिएतनामी रोल शिकलीस. गेले आठ महिने दर रविवारी ती तुझ्याकडे चार तास असते. तू हुशार आहेस. लहानपणी आई मला रागावत असली की तू पळत जाऊन पाणी आणायचीस, आणि द्यायचीस ते आईला.

दर रविवारी ती माझ्यासाठीही डब्यातून चार रोल आणते. खरं सांगते, ते रबरी नळीसारखे लागतात. मी व्यवस्थित फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी दुपारी खाते, तरीही. त्यात तिला एवढं काय सापडलं ते मला कळलेलं नाही.

तेव्हा कृती लिहून पाठव. मापं, वेळ, कोणत्या बाटलीतलं काय, सगळं. "अंदाजे" हा शब्द नको. ती उभी राहून शिजवू शकणार नाही, तर मी शिजवीन. रोलच खायचे असतील तर ते तिच्या स्वतःच्या घरीही होऊ शकतात. मला एकच मुलगी आहे.

ताई


७ मार्च

ताईस नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं, त्यात एकदा उभ्यानेच. शिवणक्लासच्या मुली समोर होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, कोणी गेलं का?" म्हटलं, नाही, माझी बहीण आहे.

आधी फ्रिजचं सांगते. तांदळाचा कागद गारठ्यात कडक होतो, ताई. ते रोल फ्रिजमध्ये ठेवायचेच नसतात. मी आठ महिने ओल्या फडक्यात गुंडाळून देते आहे, आणि तू ते फडकं काढून, डबा पुसून, रोल फ्रिजमध्ये टाकतेस. ठकी एका शब्दाने बोलली नाही. मी विचारायचे, ताईला आवडले का? ती म्हणायची, संपवले.

आता कृती. सगळी कापाकापी आधी करून घे, कापड बेतून ठेवतो तशी. गाजर आणि काकडी काडेपेटीच्या काडीएवढी. टोफू, म्हणजे ते सोयाबीनचं पनीर, फडक्यात दाबून पाणी काढायचं, बोटाएवढे तुकडे करायचे आणि थोड्या तेलावर सोनेरी होऊ द्यायचे. तांदळाच्या बारीक शेवया उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, मग लगेच गार पाण्याखाली धरून निथळत ठेवायच्या. पुदिना आणि कोथिंबीर यांची पानं अख्खीच. लाल कोबी सगळ्यात शेवटी काप. तो आपल्या आत्यासारखा आहे, ज्याच्याशेजारी बसेल त्याला आपला रंग लावतो.

कागद पसरट थाळीत गरम पाण्यात दोन मिनिटं भिजव, अगदी मऊ होईपर्यंत. मग ओल्या फळीवर पसर. खालच्या बाजूला सारण ठेव, तुझ्या मुठीत मावेल त्याच्या निम्मं. खालची कड वर घेऊन सारणावर आवळायची, दोन्ही बाजू आत दुमडायच्या आणि पुढे गुंडाळत जायचं. ओढायचं मात्र नाही. कापड ओढून शिवलं की शिवण गोळा होते, तसंच हे. पुदिन्याची दोन पानं वरच्या भागात आधी पालथी ठेवलीस तर बाहेरून छान दिसतात. कड आपली आपण चिकटते, टाका लागत नाही.

सॉससाठी शेंगदाण्याचं बटर चार चमचे, सोया सॉस दोन, लिंबाचा रस एक, साखर अर्धा, पातळ होईल इतकं गरम पाणी, आणि निळ्या झाकणाच्या बाटलीतला व्हिएतनामी सॉस एक चमचा. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात मिळतो. खरी चव त्या बाटलीची. ठकी म्हणते, मावशी, तुझ्यासारखे रोल कुणाला जमत नाहीत.

मी तिला बोलावलं नव्हतं, ताई. ती म्हणाली, येऊ का. मी म्हटलं, ये. पुढची खोली रिकामी करून शिवणयंत्रं मागे हलवली आहेत. पण तू करून बघ. जमलं तर चांगलंच आहे.

तुझी धाकटी


११ मार्च

धाकटे,

अठ्ठावीस कागद वाया गेले.

तुझ्या कृतीत एका अक्षराचा फरक केला नाही. गरम पाणी घेतलं, घड्याळ लावलं, दोन मिनिटं भिजवला. हातात आला तो कागद नव्हता, ओला पापुद्रा होता. तो थाळीला चिकटला, फळीला चिकटला, माझ्या मनगटावरच्या घड्याळाला चिकटला. उचलला की फाटायचा, नाही फाटला तर स्वतःलाच मिठी मारून बसायचा. एक रोल कसाबसा झाला, तोही ताटात ठेवल्यावर पोट फुटून आडवा पडला. ठकी ऑफिसातून आली आणि म्हणाली, "आई, ओट्यावर गोंद का सांडलाय?" मी म्हटलं, खळ केली आहे, पडद्यांना. चौदा वर्षांत मी पडद्यांना खळ केलेली नाही.

दोन दिवस मी माझ्या हातांना दोष दिला. मग रविवारी ती तुझ्याकडे गेल्यावर दुसरं पाकीट फोडलं आणि प्रयोगशाळेत करतात तसं केलं. दोन मिनिटं, एक मिनिट, तीस सेकंद, पंधरा, पाच. पाणी गरम, मग कोमट, मग साधं. उत्तर मिळालं ते असं: साधं पाणी, पाच सेकंद. कागद अजून कडक असतानाच बाहेर काढायचा. फळीवर सारण मांडून होईपर्यंत तो आपोआप मऊ पडतो. अठ्ठावीस फाटले, एकोणतिसावा जमला. तो मी उभ्यानेच खाल्ला. चांगला लागला. रबरी अजिबात नव्हता, हे लिहून देते.

आता प्रश्न. चाळीस वर्षं तू शिवायच्या आधी अस्तरं पाण्यातून काढते आहेस. काय किती भिजवायचं हे तुला कळत नाही असं नाही. आठ महिने दर रविवारी तू हेच करतेस. पाच सेकंदांची दोन मिनिटं हात घसरून होत नाहीत.

दुसरी गोष्ट. निळ्या झाकणाची बाटली मी आणली. बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यातच माझी नोकरी गेली, तेव्हा हीही वाचली. मागच्या बाजूला, आठव्या ओळीत लिहिलं आहे: खारवलेल्या मासळीचा अर्क. ज्या मुलीने मध सोडला, तिला तू आठ महिने मासा खाऊ घालते आहेस.

बाटली मी पुसून ओट्यावर ठेवली. मला आनंद झाला. हेही लिहिते, कारण मी खोटं लिहीत नाही. हे ठकीला कळलं की सहा आठवडे सोड, सहा मिनिटंही ती तुझ्या ओट्यापाशी थांबायची नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही.

ताई


१३ मार्च

ताई,

दोन मिनिटं मी मुद्दाम लिहिली. पेन हातात होतं, पाच सेकंदच लिहायला बसले होते, पण लिहिता आलं नाही. तुला सगळं पहिल्या झटक्यात जमतं. पहिला नंबर तुझा, नोकरी तुझी, मुलगी तुझी. हे एक मला जमत होतं आणि तुला नाही. वाटलं, चार कागद फाटतील, ताई वैतागेल, म्हणेल जाऊ दे. तू अठ्ठावीस फाडशील हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. एवढी वर्षं ओळखते तुला.

पण बाटलीचं मला खरंच माहीत नव्हतं. माझा चष्मा जुना झालाय. सुईत दोरा हल्ली क्लासच्या मुलीच ओवून देतात. दुकानात विचारलं होतं, यात दूध-अंडं काही नाही ना? तो म्हणाला, नाही. मासा आहे का, हे विचारायचं सुचलंच नाही. तपकिरी पाण्यात मासा असेल असं कुणाच्या मनात येईल?

तिला ऑपरेशनच्या आधी सांगू नकोस एवढंच मागते. नंतर सांग, नाहीतर मीच सांगते. मग ती यायची नाही, हे मला कळतं. आली तरी माझ्या हातचं पाणी पिण्याआधी भांडं उजेडात धरून बघेल.

तुला एकच आहे, असं लिहिलंस. मला एकही नाही, ताई. खोली रिकामीच ठेवली आहे, यंत्रं परत पुढे आणलेली नाहीत. आता तू म्हणशील तसं.

धाकटी


२३ मार्च

धाकटे,

ऑपरेशन नीट झालं हे तू बघितलंसच. तू आलीस, चार तास माझ्याशेजारी बाकावर बसलीस, आणि आपण दोघी उकाड्याबद्दल बोललो, ते बरं केलं.

मी तिला सांगितलं. काल दुपारी, हॉस्पिटलात, तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून. तू सांगते म्हणाली होतीस, पण मला सांगायचं होतं. तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं.

मी म्हटलं, "मावशीच्या सॉसमध्ये मासा आहे."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. बाटली समोरच होती. मी तुझी मुलगी आहे, आई. मागचं वाचल्याशिवाय काही तोंडात घालत नाही."

"मग खाल्लंस कसं?"

"खाल्लंच नाही. रोल वाटीच्या काठाला टेकवायचा आणि खायचा. मावशी पुढचा रोल वळण्यात दंग असते, तिला दिसत नाही. ती पाणी बदलायला उठली की मी वाटी बेसिनमध्ये ओतते."

"आठ महिने कोरडे रोल खाल्लेस?"

"छान लागतात. पुदिना असतो ना."

"पण तिला सांगायचं ना, काही तोंड नव्हतं का तुला?"

"केवढ्या हौसेने आणली होती तिने ती बाटली. दोन दुकानं पालथी घालून. कसं सांगणार?"

धाकटे, या मुलीला काहीही गप्प बसून खाताना मी चौतीस वर्षांत पाहिलेलं नाही. माझ्याकडे मीठ कमी पडलं तर खालच्या मजल्यापर्यंत कळतं. चहा गार झाला तर कप आदळतो. आणि तुझ्याकडे आठ महिने, म्हणजे तीस-पस्तीस रविवार, ती कोरडे रोल खाऊन "वा मावशी" म्हणत होती. मी तुझ्याकडे बोट दाखवायला गेले होते आणि त्या लोखंडी स्टुलावर बसून माझ्याच पोटात दुखायला लागलं. तू पकडली गेलीस तरी जिंकलेली तूच.

न राहवून मी विचारलं. विचारायला नको होतं. "माझ्यासाठी खाल्ले असतेस का असे कोरडे?"

ती म्हणाली, "तुला तोंडावर सांगितलं असतं. मग तू भांडली असतीस, मी भांडले असते, आणि दुसऱ्या दिवशी तू दुसरी बाटली आणली असतीस. मावशीशी कसं भांडणार? तिला वाटेल, मी परत यायची नाही."

आणि झोपली. औषधाचा अंमल होता. मी या उत्तरातलं माझ्या बाजूचं किती आणि तुझ्या बाजूचं किती याचा हिशोब मांडत बसले. तो अजून सुटलेला नाही.

आता एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. जिन्यावर खुर्ची नेताना एकाचा जरी हात सुटला तर टाच कायमची जायबंदी होईल, असं डॉक्टरांनी मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. तळमजल्याचं कारण पहिल्यापासून खरं होतं आणि मला ते माहीत होतं. तरी मी वॉर्डबॉय मोजत बसले. तू दोन मिनिटं लिहिलीस त्याने कागद फाटले. माझ्या हट्टाने काय फाटलं असतं, ते तूच ठरव.

तेव्हा ती तुझ्याकडे येईल. सहाही आठवडे. बाटली टाकून दे. रविवारी मी येत जाईन, रोल मी करीन, तू बसून राहायचंस.

ताई


२५ मार्च

ताई,

बाटली टाकली. रडले नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण तुला तसंच वाटणार.

तुला वाटत असेल, तुझं पत्र वाचून मी सुखावले. जिंकलेली तूच, असं लिहिलंस. मी काय जिंकले सांगू? आठ महिने माझ्याकडे एक पाहुणी जेवून जात होती. नीट बसायची, नीट खायची, ताटली स्वतः धुवायची. मला वाटायचं, बघा, आईकडे आदळआपट करते आणि माझ्याकडे कशी शहाण्यासारखी वागते. ती शहाण्यासारखी नाही, सांभाळून वागत होती. माझ्या घरात एक दार कधी आपटलं नाही, ताई. तुझ्याकडे मीठ कमी झालं की तिचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, हे वाचून माझ्या जिवाची काहिली झाली. मला त्यातलं काही मिळालेलं नाही. वाटीच्या काठाला रोल टेकवणं मिळालं.

आता सहा आठवडे आहेत. मी मुद्दाम मीठ कमी घालून बघणार आहे.

नव्या चष्म्याचा नंबर काढून आणला. क्लासच्या मुलींना सकाळऐवजी दुपारी यायला सांगितलं आहे. रविवारी ये. रोल तू करायचे आणि मी बसायचं, हे मात्र जमणार नाही. ओटा माझा आहे. कापाकापी तू कर, तुझं माप अचूक असतं. वळीन मी. आणि पाच सेकंद मोजायला घड्याळ आणू नकोस. मी तोंडाने मोजते.

धाकटी


२८ मार्च

धाकटे,

औषधविभागात पाळी बदलताना कुणाच्या हाती काय दिलं ते लिहून सही घ्यायची पद्धत होती. तोंडी काही दिलेलं धरत नसत. ही तशीच नोंद. दोन प्रती आहेत, एक तुझी.

कुबड्या, एक जोड. उंची तिच्या मापाने लावली आहे. ती म्हणेल बदल, बदलायची नाही.

वेदनाशामक गोळ्या, चौदा. जेवणानंतर एक, आणि पुढची आठ तासांच्या आत नाही. ती सहाव्या तासाला मागेल आणि गोड बोलेल. गोड बोलली की समज, दुखतंय.

पायाखालच्या उश्या, दोन. पाय छातीच्या पातळीच्या वर राहिला पाहिजे.

डॉक्टरांची चिठ्ठी. टाके ३ एप्रिलला निघतील. दोघींनी घेऊन जायचं. जिथे सही लागेल तिथे सही मी करीन.

शेंगदाण्याचा सॉस, काचेची बरणी, एक. काल मी केला. त्यात काय काय आहे ते झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, तुला चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

नकाशाचे कागद, एक गुंडाळी, आणि पेन्सिलींचा डबा. ऑफिसने पाठवले आहेत. दिवसाला दोन तास, जास्त नाही.

तिचा राग. सकाळी चहाच्या आधी येतो आणि वीस मिनिटं टिकतो. त्यासाठी मीठ कमी घालावं लागत नाही. फक्त तिच्या बाजूने बोलायचं नाही, आपल्या बाजूने बोलायचं. तुला सवय नाही, पण जमेल.

मुलगी, एक. उजवी टाच प्लास्टरमध्ये, बाकी धडधाकट.

परत घेण्याची तारीख ९ मे. तेव्हा ती पायांनी तीन जिने चढेल, मी मागे असेन.

देणार: ताई. घेणार: धाकटी, सही केली. वेळ: सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, पुढची खोली. मुलगी पलंगावर टेकताच झोपली, त्यामुळे तिची सही घेता आली नाही.